उन्हाळ्याचं रीडिंग

आमच्या पॉलिटेक्निकच्या मेकॅनिक्स लॅबला मोहाचा वास यायचा. फुलांचा नव्हे. फुलांचा आला असता तर विद्यार्थी आपणहून वेळेवर आले असते. हा वास टोरीच्या तेलाचा, म्हणजे मोहाच्या बियांतून निघणाऱ्या पिवळट, जाडसर तेलाचा. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा-देवरीकडे ते दिव्यात घालतात आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. आमच्याकडे ते स्क्रू जॅकला लावत. बदलून आलेला प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून विचारायचा, "ये स्मेल कहाँ से आ रही है?" आणि कोपऱ्यातून एकच उत्तर यायचं, "मशीनची हाय जी, माझी नाई."

हे उत्तर देणाऱ्या माणसाचा हुद्दा होता प्रयोगशाळा परिचर. पगारपत्रकावर नाव होतं, पण ते कारकुनाशिवाय कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. विद्यार्थी, प्राध्यापक, प्राचार्य, फाटकावरचा चौकीदार, सगळे त्यांना भाऊ म्हणत. स्टोअरमधून मशीनसाठी ग्रीसचा डबा यायचा, तो भाऊ फाटकाच्या बिजागऱ्यांना लावून संपवत आणि तेल घरून बाटलीत आणत. असं का, हे मला फार उशिरा कळलं आणि तेही माझ्याच खर्चाने.

भाऊ उंचीने कमी, अंगाने सुके, कानावर पेन्सिल आणि खाकी शर्टाच्या खिशात सुतळीचं बंडल. हे बंडल म्हणजे त्यांचं शिक्षण. दहावीला गणितात गेले ते गेलेच. पण जगात कुठलाही सांगाडा दिसला, की ते त्यातल्या एकेका दांड्याकडे बोट दाखवून विचारत, "दोरी का काठी?"

प्रश्नाचा अर्थ असा, की हा दांडा काढून इथे नुसती दोरी बांधली तर चालेल का? जो दांडा ओढ सोसतो, त्याच्या जागी दोरी चालते. जो दाब सोसतो, त्याच्या जागी दोरी लावली तर ती ढिली पडते आणि वरचं सगळं सामान आपल्या डोक्यावर येतं. तिथे काठीच पाहिजे. पुस्तकात या गोष्टीला दोन इंग्रजी शब्द, दीड पान गणित आणि सहा मार्क आहेत. भाऊंकडे सुतळी होती.

चहाच्या टपरीवरचं बाकडं असो, सायकलचं कॅरिअर असो, नाहीतर एस.टी.च्या टपावर जायची शिडी असो, भाऊ आधी वाकून खालून बघणार, बोटाने दांडे मोजणार, "दोरी, दोरी, काठी, दोरी" असं पुटपुटणार आणि मगच बसणार किंवा चढणार. एकदा देवरीच्या बसमध्ये त्यांनी सीटखाली डोकं घातलं ते निघेचना. कंडक्टर म्हणाला, "काका, कुछ गिर गया क्या?" भाऊ आतूनच म्हणाले, "अजून नाई गिरलं बापा, पन गिरन."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा त्यांच्या लग्नाची गोष्ट वहिनींनी सांगितली. मांडव तयार, पाहुणे बसलेले, भंतेजी वंदना सुरू करणार, आणि नवरदेव गायब. शोधाशोध झाली, तर पांढरा कुर्ता-पायजमा घातलेले नवरदेव शिडी लावून मांडवावर! लाउडस्पीकरचा भोंगा कोणीतरी आडव्या बांबूच्या मधोमध बांधला होता. भाऊंचं म्हणणं, वजन बांबूच्या मधात लटकवायचं नाही, जिथे दोन बांबू मिळतात तिथे, गाठीवर बांधायचं.

"माहे मामा खालून ओरडून राहिले, जावईबापू, उतरा!" वहिनी वाढता वाढता सांगत होत्या. "हे वरून म्हनतात, थांबा जी, भोंगा गाठीले बांधतो, मंग आपली गाठ. भंतेजी हसून हसून खाली बसले. मले वाटलं, बाई, हा मानूस डोक्यानं बरा हाय का नाई?"

"मंग?" भाऊ म्हणाले. "पडला का मांडव?"

"नाई पडला. पन फोटोत तुमचे पायच आले."

फोटो मला दाखवण्यात आला. खरंच, वरच्या कडेला दोन पाय आहेत आणि खाली वहिनी पाटावर एकट्या बसलेल्या आहेत. हा फोटो त्यांनी भिंतीला लावला होता, आणि त्याचा खिळा भाऊंनी तीन वेळा तपासला होता म्हणे.

हीच दोरी-काठी ते माणसांनाही लावत. काही माणसं काठीतली, दाब आला की काम देतात. काही दोरीतली, ती दाबली की गोळा होऊन बसतात, पण ओढली तर ताठ होतात आणि बैलाला धरून ठेवतात. प्राचार्य काठीतले. वहिनी काठीतल्या, "सागवान." चौकीदार दोरीतला, तोही सुतळी. मी एकदा विचारलं, "आणि मी?" भाऊंनी मला बाकड्यासारखं वरून खालून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं अजून ठरून नाई राहिलं, सर."

हे मला आवडलं नव्हतं. कारण भाऊंविषयी माझं मात्र फार आधीच ठरलेलं होतं.

त्यासाठी एकोणीसशे नव्याण्णवच्या डिसेंबरात जावं लागेल. तेव्हा मी सर नव्हतो, त्याच पॉलिटेक्निकात विद्यार्थी होतो. आमच्या कॉलेजात एक आद्य जर्नल होतं. कोण्या एका हुशार मुलाने कधीकाळी सगळे प्रयोग खरोखर करून त्यात आकडे लिहिले होते. त्यानंतर कोणी हँडल फिरवलं नाही. त्याच्यावरून दुसऱ्याने उतरवलं, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. उतरवता उतरवता कुठे तीनाचे आठ झाले, कुठे शून्य गळालं. आमच्या वर्षापर्यंत डिफरन्शियल ॲक्सलची कार्यक्षमता एकशे चार टक्के झाली होती, म्हणजे आपण घालतो त्यापेक्षा जास्त काम ते यंत्र परत देत होतं. भाऊ ते जर्नल हातात घेऊन म्हणायचे, "असं मशीन भेटलं त मी घरी नेतो. बैल इकून टाकतो." आम्ही हसायचो आणि एकशे चार लिहायचो.

तर डिसेंबरातली प्रात्यक्षिक परीक्षा. माझ्या वाट्याला स्क्रू जॅक आला. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. हँडलच्या दोरीला वजन टांगायचं, किती वजनाला जॅकवरचा भार उचलला जातो ते लिहायचं, असं सहा वेळा करायचं. मला आकडे पाठ होते. मी हँडलला हातही न लावता तक्ता भरला आणि वेळ जावा म्हणून चेहरा गंभीर करून उभा राहिलो.

एवढ्यात मागून भाऊंचा आवाज, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा, "साहेब, या पोराचं रीडिंग उन्हाळ्याचं हाय."

परीक्षक म्हणाले, "मतलब?"

भाऊंनी जॅकच्या आट्यांतून बोट फिरवलं आणि वर धरलं. बोटावर पांढरट तेल तुपासारखं थिजलेलं होतं. "टोरीचं तेल जी. थंडीत गोठते. ह्यानं लिवलं तेवढ्या वजनावर हांडल आज जागचं हलत नाई. हे एप्रिलचं रीडिंग हाय. हा पोरगा थंडीत उन्हाळा घेऊन आला."

सगळी लॅब हसली. परीक्षकसुद्धा पोट धरून हसले. मग त्यांनी माझा तक्ता आडवी रेघ मारून खोडला आणि सगळ्यांसमोर मला पहिल्यापासून प्रयोग करायला लावला. वजनं दोनदा पायावर पडली. पास झालो, पण काठावर. त्या मार्कांपायी पहिला वर्ग हुकला, आणि त्यापायी डिग्रीचा प्रवेश एक वर्ष लांबला. ते वर्ष मी बोदलकशाच्या तलावावर मामाच्या जाळ्याला गाठी मारत काढलं. गाठ मारायची आणि भाऊंना एक शिवी द्यायची, असा हिशोब होता. जाळं मोठं होतं.

आता ग्रीस फाटकाला आणि तेल मशीनला, याचं कारण मला कळलं होतं. ग्रीस बारा महिने सारखं राहतं. तेल ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून कोणी खरोखर प्रयोग केला आणि कोणी उतरवला, ते भाऊंना तक्ता बघताच कळायचं. हुशारी मान्य, पण ती माझ्यावरच का चालवावी? माझ्या पुढच्या आणि मागच्या पोरानेही तेच आकडे लिहिले होते. या माणसाने मला दाबलं, हे मी मनात पक्कं लिहून ठेवलं.

डिग्री घेऊन दोन हजार पाचला मी त्याच कॉलेजात करारावरचा व्याख्याता म्हणून परत आलो, आणि पहिल्याच दिवशी तोच वास. भाऊंनी मला ओळखलं. "या सर," म्हणाले, आणि 'सर' असं म्हणाले की त्यात टोमणा होता की आनंद, ते मला आजही सांगता येणार नाही. माझा करार दर वर्षी नवा व्हायचा, म्हणजे दर वर्षी मे महिन्यात माझी झोप उडायची. त्यात भाऊंसारखा माणूस रोज समोर! पण राग धरून ठेवणं भाऊंच्या बाबतीत सोपं नव्हतं. ते पहिल्या वर्षाच्या मुला-मुलींना मैदानात नेऊन माणसांची कैची बांधत. आमच्याकडे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला कैची म्हणतात. गोंदियात राइस मिलपायी लोखंडी कैची पोरासोरांनीही पाहिलेली असते. पोरं गाठी व्हायची, हातात कोणाच्या दोरी, कोणाच्या बांबू. भाऊ मधल्या पोराला खाली ओढत. ज्याची दोरी ढिली पडायची तो वाळूत बसायचा आणि भाऊ ओरडायचे, "पाहा, इथं काठी पायजे होती!" मी फळ्यावर तीन तास घेऊन जे सांगत होतो, ते वाळूत दहा मिनिटांत व्हायचं. माझा राग मग थोडा कमी व्हायचा आणि थोडा वाढायचा.

पुढच्याच वर्षी प्राचार्यांनी नवीन सायकल स्टँड बांधायला काढलं. कैच्यांचं गणित मला दिलं. बाहेरच्या माणसाला फी द्यावी लागली असती, करारावरच्या माणसाला चहा पुरतो. पण मला अभिमान वाटला. करार नवा व्हायचा होता आणि हे काम नीट झालं तर पक्कं होईल, असं प्राचार्य म्हणाले होते. निदान तसं मला ऐकू आलं होतं.

अशा गणितात एक सोपी रीत असते. प्रत्येक दांडा ओढ सोसतोय असं आधी मानायचं आणि मग सोडवायचं. उत्तर अधिक आलं तर मानलं ते बरोबर. उणे आलं तर त्या दांड्यात ओढ नाही, दाब आहे. हे मी वर्गात रोज शिकवत होतो. पण शिकवणं वेगळं आणि प्राचार्य दारात उभे असताना सोडवणं वेगळं. आतल्या तिरप्या दांड्याचं उत्तर उणे आलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र राइस मिलची कैची होती. तिच्यातले तिरपे दांडे म्हणजे बोटाएवढ्या गोल सळया, साध्या ओढीच्या. मिलमध्ये त्यांचा उतार उलट्या बाजूला असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, माझं कुठेतरी चिन्ह चुकलं. मी ते उणे खोडलं, तक्त्यात 'ओढ' लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'सळई चालेल.' प्राचार्य कागद घेऊन गेले.

दोन दिवसांनी भाऊ स्टाफरूममध्ये आले. हातात बांबूच्या कमच्या आणि सुतळीची वीतभर उंचीची कैची. माझ्या तक्त्याप्रमाणे जिथे ओढ तिथे सुतळी, जिथे दाब तिथे कमची. ती त्यांनी माझ्या टेबलावर उभी केली. तिने लगेच मान टाकली.

"सर, ह्या तिरप्या जागी तुमी दोरी लिवली. ती ढिल्ली पडून राहिली."

सगळा स्टाफ बघत होता. मला एकदम डिसेंबर आठवला, ते बोट, तो हशा. मी म्हणालो, "तुमचं मॉडेल चुकलं असेल."

"तीनदा बांधलं जी."

"मग चौथ्यांदा बांधा. आणि आधी दहावीचं गणित सोडवून या, मग मला शिकवा."

"बराबर हाय," भाऊ म्हणाले, कैची उचलली आणि गेले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. मी केलं ते नीच होतं, हे मला तिथेच कळलं, आणि तरी मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते सायकलवर माझ्या खोलीशी हजर. "चला सर, एक चीज दाखवतो. कॉलेजात अजून कोनी आलं नाई." मी बनियनवर शर्ट चढवला आणि निघालो.

वेल्डरने पहिली कैची दोन खांबांवर चढवली होती आणि ती कलू नये म्हणून दोन्हीकडून बांबूचे टेकू दिले होते. खाली धानाची पोती. ती भाऊंनी घरून बैलबंडीत घालून आणली होती, आणि बंडी जुंपायला वहिनी पहाटे उठल्या होत्या असं नंतर कळलं. वेल्डर बाजूला दात घासत उभा होता. "हमने तो जो टेबल में लिखा है वही काटा है, साब," त्याने आधीच सांगून टाकलं.

भाऊंनी तिरपी सळई वर जिथे मिळते त्या गाठीला दोर बांधला, अर्थात गाठीलाच, आणि त्याला पहिलं पोतं लटकवलं. काही झालं नाही. दुसरं लटकवलं. तिरपी सळई किंचित शहारली, किंवा मला तसं वाटलं. तिसरं पोतं जमिनीवरून सुटलं आणि सळई बाजूला वाकायला लागली. सावकाश, आवाज न करता, धनुष्यासारखी बाक घेत. त्या स्टँडखाली रोज दोनशे पोरं उभी राहणार होती.

"चौथं बांधू का काढू?" भाऊंनी विचारलं.

"काढा," मी म्हणालो. "काढा भाऊ."

पोती उतरली. भाऊ एका पोत्यावर बसले आणि मला दुसऱ्यावर बसवलं. "सर, उणे आलं होतं का?"

"आलं होतं. मी खोडलं."

"कायले?"

"वाटलं, माझं चुकलं."

"उणे आलं मंजे चुकलं नाई जी," भाऊ म्हणाले. "रक्कम बराबर असते. दिशा फक्त आपुन उलटी मानली राहते. तेच त सांगून राहते ते उणे. त्याले खोडता कायले?" वीस वर्षं लॅबच्या मागे उभं राहून त्यांनी सगळी व्याख्यानं ऐकली होती, आणि माझ्याहून नीट ऐकली होती. मग ते हळूच म्हणाले, "कोनाले सांगत नाई मी. तुमी तक्ता बदला. वेल्डरले मी सांगतो, साहेबानं मोठी अँगल मांगितली म्हनून."

मी त्यांना म्हणालो, "काल मी बोललो ते चुकलं."

"ते चुकलंच," भाऊ म्हणाले. "ते उणे नाई, ते चूक."

त्यांनी झाकायची सोय करून दिली होती, पण मी ती वापरली नाही. दहा वाजता मी स्वतःच प्राचार्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते लालबुंद झाले, अर्धा तास बोलले, त्यातलं निम्मं हिंदीत. शेवटी म्हणाले, "अपनी गलती खुद चलके बताने वाला आदमी मुझे दूसरा नहीं मिलेगा, और मिलेगा तो इतने में नहीं मिलेगा." करार नवा झाला. भाऊ म्हणालेच होते, काठीतला माणूस, दाब आला की काम देतो.

सायकल स्टँड आजही उभं आहे. तिरपे दांडे जाड अँगलचे आहेत. भाऊ येता-जाता त्याला हात लावत आणि म्हणत, "काठी."

दोन हजार तेरात भाऊ निवृत्त झाले. निरोपाला त्यांच्यासाठी लाल मखमलीची मोठी खुर्ची मागवली होती, मंगल कार्यालयात नवरा-नवरीला असते तशी. भाऊंनी ती सगळ्यांदेखत उलटी केली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मागचा पाय फुटला हाय जी." खरंच फुटला होता. सत्कार प्लास्टिकच्या स्टुलावर झाला. आमच्यातल्या प्रत्येकाला त्यांच्याबद्दल बोलायचं होतं आणि प्रत्येकाने फक्त सुतळीबद्दल सांगितलं. वहिनी पहिल्या रांगेत बसून फोटोग्राफरला बजावत होत्या, "या वेळी तोंड येऊ दे बापा."

कार्यक्रम झाल्यावर भाऊ मला लॅबमध्ये घेऊन गेले. बाटली काढून माझ्या हातात दिली. "तेल. सरलं त घरी येजा. वहिनी काढून देते."

मी बाटली घेतली, आणि चौदा वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर पडलं. "भाऊ, एक विचारू? नव्याण्णव साली सगळ्यांनी उतरवलं होतं. तुम्ही माझंच का सांगितलं? मला एकट्यालाच का दाबलं?"

भाऊ बाकावर बसले, आणि खालून न बघता बसले.

"ध्यानात हाय तुले?" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'सर' गळालं होतं. "अरे, तो परीक्षक तुह्या मांगंच उभा होता. तू हांडलले हात नाई लावला, सारा तक्ता लिवला, त्यानं पाहिलं. मले म्हणे, कॉपी केसचा फारम आनून दे. मी कपाट उघडलं. फारम हातात होता माझ्या. तो भरला असता त तू तीन वर्सं बाहेर. तुहे बाबा टोपलं घेऊन मच्छी इकत, मले मालूम होतं."

"मग?"

"मंग मले काही सुचलं नाई. फारम ठेवला कपाटात अना तेलात बोट बुडवलं. मले वाटलं, मानूस एकदा हसला त फारम भरत नाई." त्यांनी खिशातून सुतळीचं बंडल काढलं, उगाच उलगडलं, परत गुंडाळलं. "हसला बी तो."

मी म्हणालो, "मला सांगितलं का नाही कधी?"

"तू विचारलं काऊन नाई कधी?"

बोदलकशाच्या तलावावर मारलेल्या त्या सगळ्या गाठी मला एकदम आठवल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेलाचाच.

"दाबला नाई बापा," ते म्हणाले. "ओढला. तू दोरीतला हायस. दाबला असता त गोळा होऊन बसला असता घरी. मले तवाच मालूम होतं, बोललो नाई."

आता लॅब माझ्याकडे आहे. ग्रीस अजूनही फाटकाला जातं. आद्य जर्नलाला काही मरण नाही, फक्त आता पोरं त्याचे मोबाइलवर फोटो काढतात. आणि मी दर प्रात्यक्षिकाला परीक्षकांच्या नव्हे, त्यांच्या पेनाच्या जवळपास उभा राहतो.

गेल्या डिसेंबरात सालेकसाकडची एक मुलगी स्क्रू जॅकपाशी होती. हँडल जागच्या जागी, आणि तक्ता पूर्ण भरलेला. बाहेरून आलेले साहेब तिच्या मागे दोन मिनिटं उभे होते. मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "कॉपी केसचा फॉर्म असेल ना?"

मी कपाटाकडे गेलो. फॉर्म वरच होते. मी कपाट लावलं, जॅकच्या आट्यांतून बोट फिरवलं, थिजलेलं तेल वर धरलं आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं ओरडलो, "साहेब, या मुलीचं रीडिंग उन्हाळ्याचं आहे!"

पोरं हसली. साहेबांनी काय ते विचारलं, मी सांगितलं, आणि तेही हसले. मुलीने पहिलं वजन उचललं आणि हँडलच्या दोरीला अडकवायच्या आधी माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी चौदा वर्षं वापरलेली होती, लगेच ओळखली. रक्कम अगदी बरोबर होती. दिशा तिला कधीतरी कळेल, आणि नाही कळली तर तिने येऊन विचारेपर्यंत मी इथेच आहे.